जिन्याखालची काच

प्रिय राजरत्न,

शेजारच्या श्रेयाच्या हाती पत्र पाहून हसशील. बाई अजून पत्रंच लिहितात! हसून झालं की खाली बस आणि शेवटपर्यंत वाच.

नायगावच्या बीडीडी चाळीतून तू लालबागला माझ्याकडे शिकवणीला यायचास, चपला दाराबाहेर नीट जुळवून ठेवायचास. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर पायऱ्या लिहिल्या नाहीत तर बरोबर उत्तरालाही भोपळा द्यायच्या. तोच जाच मी तुला केला. म्हणून तर तू लॅपटॉपवर घालून दिलेलं ते गणिताचं मोफत सॉफ्टवेअर मला इतकं आवडलं. जगभरची माणसं ते हौसेनं लिहितात, आतलं सगळं उघडं, कुणीही पायऱ्या तपासाव्यात. त्यातला आलेख पुढे वाढवण्याचा भाग तुझा. तुझं नाव दिसलं तेव्हा मी तुझ्या आईला, सुंदराबाईंना, हाक मारली. तिनं पडद्यावर बोट फिरवलं. "बापाचं नाव पण लिवलंय पोरानं," म्हणाली.

बीडीडीच्या पुनर्विकासातली नवी खोली मिळेपर्यंत ती आमच्या चाळीत भाड्यानं आली, तेव्हापासून मला सोबत झालीय. दुपारी तिच्या जिन्यालगतच्या खोलीत आम्ही चहा घेतो. बाजूच्या टॉवरचं खोदकाम सुरू झालं की बशीतला चहा थरथरतो. "बघा बाई, चहाला बी थंडी वाजतेय!"

जिन्याखालच्या भिंतीला तडा गेलाय. अशा तड्यावर काचेची पट्टी चिकटवतात, ठाऊक आहे ना? भिंत हलली की काच तडकते. आमची तडकली की सेक्रेटरी हेरंब लगेच नवी लावतात, आणि येणारा-जाणारा अख्खी काच बघून निश्चिंत होतो. मी हटकलं तर म्हणाले, "बाई, गणपती तोंडावर आलेत, अपशकुन नको."

मी मात्र हिवाळ्यापासून व्हर्नियर कॅलिपरनं तड्याची रुंदी मोजतेय, आकडे तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये भरतेय. उन्हाळ्यापर्यंत आलेखाची रेघ जवळजवळ सरळ होती. आता ती वर वळलीय. पुढचं काढायला सांगितलं, तर गणपती यायच्या आतच ती उभी चढते, म्हणजे भिंत गेलीच. हेरंबना दाखवलं. "फुकटच्या सॉफ्टवेअरवर अख्खी चाळ रिकामी करू?" सगळे हसले. तुझी आईही हसली. मी पुन्हा मोजलं, पुन्हा भरलं. तेच.

आज सकाळी नवी काचही गेली. सुंदराबाईंचं दार आता लागत नाही, चौकट तिरकी झालीय. कडीला दोरी बांधून झोपते ती, उशी तडा गेलेल्या त्याच भिंतीकडे.

हे तुला फोनवर सांगायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातलीय. पोराचं कामात लक्ष लागणार नाही म्हणे. पत्राचं काही बोलली नाही. राजू, इतकी वर्षं तुझं उत्तर बरोबर यावं म्हणून जीव टाकला. आज पहिल्यांदाच वाटतंय, तुझी चूक निघावी. कुठेतरी एखादं चिन्ह उलटं पडलेलं असावं. ते शोध, मला रागाव, हेरंबना पोटभर हसू दे. पण ते नंतर. आधी वडाळ्याहून टॅक्सी कर आणि आईला घेऊन जा. ती नाही म्हणेल. ऐकू नकोस. मी बाकीची दारं ठोठावत असेन.

तुझीच,
नीलाबाई