चापडा, मादी, नग एक

काळेवाडी,
दि. १८ एप्रिल २०२४

ती. स्व. अक्कास,
ज्योतीरामचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की आमच्या अख्ख्या चाळीला आपल्या घरातलं कळतं. म्हणून हे पत्र. माझ्यासाठी ओतूरच्या घराची मागची खोली रंगवून घेतलीस हे समजलं. ३१ मेला मी निवृत्त होतो आणि १ जूनच्या एसटीत बसतो, हे ठरलेलं आहे. फक्त त्याआधी चार्ज द्यायचा आहे.

चार्ज म्हणजे काय ते सांगतो. चऱ्होलीच्या वाटेवरच्या या सर्पोद्यानात मी एकतीस वर्षं साप सांभाळले. आता माझ्या जागी आलेल्या माणसानं यादीतला एकेक नग डोळ्यांनी बघायचा आणि सही करायची. झाडू तीन, बादल्या पाच, नाग चार, अजगर दोन, सगळ्यांवर सह्या झाल्या. गाडं शेवटच्या ओळीवर अडलंय: चापडा, मादी, नग एक.

नवा माणूस म्हणजे निरंजन. मूळचा लातूरकडचा. सहा वर्षं चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या दारांचा रंग तपासत होता. पोरगा नम्र आहे, पण नजर नाही. मी काचेतून दाखवतो, ती बघ, डाव्या फांदीच्या बेचक्यात. तो बघतो, मान खाली घालतो आणि म्हणतो, तिथं मला दिसत नाही. मग कुठं दिसते विचारलं, तर मागच्या कोपऱ्यातल्या पानाकडे बोट करतो. अशाची सही मी कशी घेऊ?

त्याचाही दोष नाही म्हणा. चापडा हा साप दिसण्यासाठी जन्मलेलाच नाही. बांबूच्या पानाचा तो हिरवा रंग, पोटाला तोच पिवळेपणा. शेपटीनं फांदी धरते आणि चार-चार दिवस हलत नाही. नाग फणा काढतो, घोणस फुत्कारते. हिच्याकडेही विष आहे, पण मिरवत नाही. लोक तिकीट काढून येतात, काचेवर टकटक करतात आणि पिंजरा रिकामा आहे म्हणून तक्रारवहीत लिहून जातात. ती त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर असते. इतकं गुणी जनावर मी आयुष्यात पाहिलं नाही.

साहेब म्हणतात, काठीनं हलवून दाखवा आणि मोकळे व्हा. मी सांगितलं, ती तिच्या कामावर आहे, तिला उठवणार नाही.

तब्येतीला जप. तुझ्या मायेवरच चाललंय.

तुझा,
ज्योतीराम

&nbsp;

ओतूर,
दि. २५ एप्रिल २०२४

चि. ज्योतीराम यास,
सोजराबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. सापाचं वर्णन दोनदा वाचलं. तुझं लग्न ठरवताना मुलगी कशी वाटली म्हणून विचारलं, तेव्हा तू बरी आहे एवढंच म्हणाला होतास. इंद्रायणीनं तेवढ्यावर सव्वीस वर्षं संसार केला. ती असती तर हे पत्र मी तिला नक्की वाचून दाखवलं असतं.

मला वाटतं तुलाच सही नको आहे. खोली रंगवली, खाट विणून घेतली, आणि तू एका सापासाठी अडून बसलास. ती गेल्यापासून सहा वर्षं तू तिथं एकटा जेवतोस, त्याचा मला घोर लागलेला असतो. घास घशाखाली उतरत नाही, असं मी लिहिणार होते, पण तू ते खरं मानून मला डॉक्टरकडे पाठवशील. उतरतो घास. पण घोर आहे.

आणखी एक. मी तीस वर्षं बालवाडी शिकवली, अक्षर मला कळतं. शाळेत तुला अक्षराचं बक्षीस मिळालं होतं. आता ओळी एकमेकींच्या अंगावर पडतात, आणि दोन ठिकाणी तर लिहिलेल्यावरच पुन्हा लिहिलं आहेस. बसमध्ये बसून लिहितोस का? पोस्टमन मारुतराव म्हणाले, पत्ता वाचून नाही, सवयीनं आणलं.

पत्र पाठव, आणि त्याच्या मागोमाग तूही ये.

तुझी,
अक्का

&nbsp;

काळेवाडी,
दि. ४ मे २०२४

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षराचं खापर पेनावर. टपरीवरचं पेन, दोन दिवस चाललं तरी पुष्कळ.

सही नको आहे म्हणालीस, ते थोडं लागलं, कारण थोडं खरं आहे. सही झाली की मी तिकिटाच्या रांगेतला माणूस. पण खरी काळजी वेगळी आहे. पाण्याचं भांडं बदलायला रोज हात आत घालावा लागतो. ती कुठं आहे हे ज्याला दिसत नाही, त्याचा हात एक दिवस तिच्यापर्यंत जाणार. त्या पोराच्या घरी आई आहे, लहान बहीण आहे. मी त्याला रोज बजावतो, आधी ती बघ, मग हात घाल. तो माझ्याकडे अशा नजरेनं बघतो की जसं काही मीच चुकतोय.

परवा पिंपळे सौदागरच्या एका उन्हाळी शिबिराची सहल आली होती. मी मुलांना चापडा दाखवला. कुणालाच दिसला नाही, पण बाईंनी त्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तेवढ्यानंही बरं वाटलं.

राग धरू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
ज्योतीराम

&nbsp;

काळेवाडी,
दि. ९ मे २०२४

आदरणीय अक्का,
सा. न. वि. वि.

मी निरंजन. अण्णांच्या पाकिटावरचा पत्ता पाहून लिहितोय. अण्णांना सांगू नका, किंवा सांगा, तुम्हाला ठीक वाटेल तसं.

मला ती पहिल्याच दिवशी दिसली. सहा वर्षं दारावरचा केसाएवढा ओरखडा शोधला आहे, नजर तयार आहे. अण्णा बेचक्यात जे दाखवतात तो बांबूचा कोंब आहे. ती मागच्या कोपऱ्यात होती. तसं दाखवलं तर अण्णा म्हणाले ते पान आहे. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला, तुम्ही कोंब दाखवताय, असं दुसऱ्यांदा सांगायचा धीर झाला नाही. नुसतं हो म्हटलं असतं तर माझं काम झालं असतं. पण न दिसलेल्या वस्तूला मी कधी ओके म्हटलेलं नाही, आणि खरं बोलायला जीभ उचलत नाही.

काल अण्णांनी भांड्यासाठी हात आत घातला तेव्हा ती भांड्याच्या वरच्याच फांदीवर होती. हातापासून वीतभर. मान मागे घेतलेली. ओरडलो असतो तर हात हलला असता. म्हणून साध्या आवाजात म्हणालो, अण्णा, चहा आलाय. त्यांनी हात काढला. चहा आलाच नव्हता, मग मला कोपऱ्यावर पळत जाऊन आणावा लागला.

अक्का, रोज चहा येणार नाही. अण्णांना कमी दिसतं. मला हे जनावर सांभाळायला त्यांनीच शिकवावं असं वाटतं. त्यांच्याइतकं तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

चूकभूल माफ करून आशीर्वाद द्यावा.

आपला,
निरंजन

&nbsp;

ओतूर,
दि. १४ मे २०२४

चि. ज्योतीराम यास,
आशीर्वाद. राग उतरला की आणखी पाठवीन.

तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आपल्या आईला याच वयात झाला होता आणि तीही चष्म्याच्या काड्यांना नावं ठेवायची. तू साऱ्या जगाची नजर तपासत बसलास आणि स्वतःची तपासायची राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

निरंजननं मला सगळं कळवलं आहे. त्याच्यावर आवाज चढवलास तर माझ्याशी गाठ आहे. त्या पोरानं तुझा हात वाचवला आणि लाजही राखली. हे वाचलंस की पिंजऱ्याचं दार उघडायचं नाही. निरंजनबरोबर दवाखान्यात जा आणि डॉक्टर म्हणतील त्या तारखेला ऑपरेशन करून घे. मी येऊन बसले असते, पण मी तिथं काय ऐकणार आणि तू काय बघणार.

इंद्रायणीला मी शब्द दिला होता की तुझ्याकडे लक्ष देईन. मला खोटं पाडू नकोस.

तुझी,
अक्का

&nbsp;

काळेवाडी,
दि. ३१ मे २०२४

ती. स्व. अक्कास,
ज्योतीरामचा शि. सा. न. वि. वि.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन २० तारखेला झालं. डावा पुढच्या महिन्यात. पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझी खोली इतकी मळकी आहे. निरंजननं मला सावकाश पिंजऱ्यापाशी नेलं. बेचक्यात कोंब होता. चांगला पोसलेला, टोकाशी जरा वाकलेला. नजर धूसर झाल्यापासूनचे आठ महिने मी लोकांना त्याचे गुण सांगत होतो, अक्का. त्याच्या विषाबद्दलसुद्धा.

आज चार्जचा शेवटचा दिवस. साहेब यादी घेऊन उभे, निरंजन माझ्या मागं. मी काचेपुढं उभा राहिलो. नवा डोळा, स्वच्छ काच, भर दुपारचा उजेड. एकेक पान पाहिलं, एकेक फांदी वरून खाली पाहिली. वीस मिनिटं झाली. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मला ती दिसली नाही.

घाबरायला हवं होतं, पण मला हसू यायला लागलं. आठ महिने मी डोळ्यांना दोष देत नव्हतो, गेले दहा दिवस देत होतो, आणि दोष कुणाचाच नव्हता. डोळा लख्ख असूनही तिनं मला फसवलं. एकतीस वर्षांनी मी तक्रारवहीत लिहिणाऱ्या माणसांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो, आणि तिथून ती जास्तच मोठी वाटली.

मी निरंजनला म्हणालो, दाखव. त्यानं माझं मनगट धरलं आणि बोट काचेवर टेकवलं. बोटाच्या पलीकडेच होती. सोनेरी डोळा माझ्याकडे, अंगावर पानाची सावली. किती हिरवी आहे ती, अक्का. मी तिला इतकी हिरवी कधीच पाहिली नव्हती, तरणा होतो तेव्हाही नाही. मला रडू आलं. नव्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून निरंजननं लगेच रुमाल पुढं केला. माझं आवरेपर्यंत त्यानं सही केली. खाली मी केली.

उद्या सकाळच्या एसटीनं निघतो. स्टँडवर कुणाला पाठवू नकोस, वाट दिसते मला. निरंजन दिवाळीला दोन दिवस येतो म्हणालाय, मी त्याला खाट देईन आणि खाली झोपेन.

माया आहे, ती उद्यापासून समोरासमोर.

तुझा,
ज्योतीराम