आत्याचा गंज आणि त्याच्या दोन कड्या

इतवारी, नागपूर
चैत्र वद्य पंचमी, १९७३

चि. आनंदराव यास रुपरावदादाचा उमरेडपर्यंत पुरेल एवढा आशीर्वाद.

तुझ्या संक्रांतीच्या पत्राला चैत्रात उत्तर देतो आहे, रागावू नकोस. माझा हात मोकळा नव्हता. तुझा गुडघा आणि सूनबाईचा खोकला थांबले असतील आणि हातमाग चालू असेल, अशी आशा आहे. (उलटं असेल तर कळव.) माझं पित्त जसंच्या तसं आहे.

तुळसाआत्याचा तो मोठा तांब्याचा गंज तुला आठवत असेल. ज्यात साऱ्या वऱ्हाडाचं वरण एकदम शिजतं, तोच. एकदा तो कुणाच्या लग्नाला गेला आणि परत आला तेव्हा त्यावर दुसऱ्याच घराण्याचं नाव कोरलेलं होतं. तेव्हापासून आत्याचा माणसांवरचा विश्वास उडाला आणि मरण्याआधी तिने गंजाचा रीतसर ट्रस्ट केला. लाभार्थी सारं घराणं, विश्वस्त दोन, मी आणि समोरच्या घरातला आपला भाऊबंद चंपतराव. (आम्ही एकमेकांशी बोलत नाही, हे आत्याला माहीत होतं. म्हणूनच दोघांना नेमलं. संगनमत व्हायला नको.) दस्तात तिने स्वतः घालायला लावलेलं कलम असं आहे, की गंज घराबाहेर जाईल तेव्हा दोन्ही विश्वस्तांनी त्याची एकेक कडी धरून राहावं आणि तो घरी येईपर्यंत सोडू नये. वकिलाने तिला समजावून पाहिलं, पण आत्यापुढे वकील काय करणार!

मी फार शिकलेला माणूस नाही. लिहिलंय तसं करतो. माघात भिवापूरला लग्न होतं. कंडक्टरने गंज एसटीच्या टपावर चढवला आणि आम्हाला टपावर बसू देईना. शेवटी दोन्ही कड्यांना दोर बांधून ते खिडक्यांतून आत घेतले. डावीकडच्या खिडकीत चंपतराव, उजवीकडे मी. तो खालून दोर ओढायचा, की माझा हात खिडकीबाहेर जायचा. समोरून ट्रक आला तेव्हा मी कुलदैवताचं आणि वकिलाचं नाव एकदमच घेतलं. लग्नघरी गंज चुलीवर चढला. कड्या तापलेल्या, म्हणून आम्ही दोर धरून धुरात बसलो. बाजूच्याच अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. मी शिंकलो की चंपतराव शिंके, पण बोलणंच बंद, तर शिंकेला "जय हो" म्हणायचं कुणी? एक बाई दुसरीला म्हणाली, "काहून वं, हे दोन बुढे गंजाले काहून बांधले?" दुसरी म्हणाली, "पळून गेले तं कोन शोधन?"

आता खरी भानगड. माझी नात गोपिका, तिचं लग्न वैशाखात आहे, सावनेरच्या मुलाशी. मुलाची आजी अंजनाबाई हिने मुलगी पाहिली तेव्हा मान वरसुद्धा केली नाही, पण "वरण त्याच गंजातलं राहीन ना?" एवढं मात्र तीनदा विचारलं. मी हो म्हणालो. दुसऱ्याच दिवशी चंपतरावाने रजिस्टर नोटीस धाडली. (गल्ली ओलांडायला तिला चार दिवस लागले.) विश्वस्ताने ट्रस्टच्या मालमत्तेतून स्वतःचा लाभ करून घेऊ नये, सबब स्वतःच्या नातीला गंज वापरता येणार नाही. मी घाबरून ओमप्रकाश वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "दादाजी, बात तो सही है. ट्रस्टी मालिक नहीं होता." म्हटलं, मग मी राजीनामा देतो. तर म्हणे, साऱ्या लाभार्थींची संमती आणा, आजच्या आणि पुढे जन्मणाऱ्यांचीही. घरी येऊन आमच्या सौ. प्रयागबाईला सांगितलं. ती पोळ्या लाटतच म्हणाली, "मंग आता काय सुनाईच्या पोटाले विचारता? माह्या पोरीच्या पोरीचं लगन मोडलं तं गंज तुमच्या डोक्यावर पालथा घालीन!"

भाड्याचा गंज आणावा, तर अंजनाबाई वरात सावनेरच्या वेशीवरूनच परत नेईल. रात्री झोप नाही. डोळा लागला तरी मूठ वळलेलीच राहते.

असो. तुझी आठवण आली म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.

तुझा
रुपरावदादा

ता.क. दस्तात एक पळवाट सापडली. परगावी असताना विश्वस्ताने आपली कडी घराण्यातल्या दुसऱ्या कर्त्या पुरुषाच्या हाती दिली, की तो विश्वस्त झाला आणि पहिला सुटला. उमरेड परगाव आहे आणि तू कर्ता आहेस. सोमवारी सकाळच्या एसटीने आम्ही तिघे येत आहोत, मी, चंपतराव आणि गंज. तू फक्त कडी धर. मग लग्नात मी पंगतीत फिरेन आणि चंपतराव माझ्याच मांडवात दोर धरून बसेल. (तूही बसशील, पण तुला मी पाट देईन.)

ता.क. दुसरा. चंपतराव यायला इतक्या सहज कसा तयार झाला, हे आत्ता प्रयागबाईकडून कळलं. त्याच्याही नातवाचं लग्न त्याच दिवशी आहे, त्यालाही हाच गंज हवा आहे आणि तोही आपली कडी तुझ्याच हातात देणार आहे! तेव्हा आनंदा, स्टँडवर नीट बघ. टोपी घातलेला मी, बोडका तो. उजव्या हाताने माझी कडी धर आणि डाव्या हातात पिशवी, छत्री, कोंबडी, काहीही घेऊन ये, पण तो हात मोकळा ठेवू नकोस. येतोस की नाही ते उलट टपाली कळव. नुसतं "हो" लिहिलंस तरी गोपिकाचं लग्न होईल.