सर्व्हरच्या अंगावरची आठ जणं

नेवासा, गुरुवार, नोव्हेंबर १९९८

आज कारखान्यात जुना ४८६ सर्व्हर आणि साहेबांचा नवा पेंटियम लॅपटॉप यांची शर्यत लावली. साहेब बूट घालूनच सर्व्हरच्या खोलीत आले. ऊसतोडीची एकच यादी दोघांना क्रमाने लावायला दिली. लॅपटॉप तीन मिनिटांत मोकळा. सर्व्हर आपला कुथतच होता. "काढा हा डबा," साहेब म्हणाले.

पण तेव्हा आठ टेबलांचं काम सर्व्हरवरच चालू होतं! मला माहीत होतं. माझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?

सर्व्हर सांभाळणारे साळवेमामा एवढंच म्हणाले, "आठ जनं अंगावर घिऊन पळत हुता वो त्यो."

इतकी वर्षं मामा चपला बाहेर काढूनच त्या खोलीत जायचे. आज संध्याकाळी चपला घालूनच गेले.