‘बाण गेला’

संयोगिताताई,

मंगळवारी फोनवर मी "बाण गेला" म्हणाले. तुम्ही रडायलाच लागलात, आणि मी गप्प बसले. बाण मेलेला नाही. तो जतला माझ्या मामाकडे मेंढरांत गेलाय. मीच पाठवलाय.

तुमच्या संस्थेकडून हा कारवान जातीचा कुत्रा घेताना मी लिहून दिलं होतं, जमलं नाही तर तुमच्याकडेच परत आणीन. साताऱ्यातल्या खोलीच्या मालकांची परवानगी आहे, असंही सांगितलं होतं. त्यांना मी विचारलंच नव्हतं. महिन्याभरात त्यांनी कुत्रा काढायला लावला. तुमच्याकडे आणला असता तर माझं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून मामाला बोलावलं.

मंगळवारी संध्याकाळी तुम्ही संस्थेच्या ग्रुपवर बाणचा फोटो टाकलात. सगळ्यांनी खाली हात जोडले. ताई, मीही जोडले.

काल मामा म्हणाला, "लय चपळ हाय गं. सोमवारी सशामागं सोडतो."

तुम्ही त्याला शिकाऱ्यांकडूनच सोडवला होतात, चिरलेल्या पायाला टाके घालून. मी नको म्हणाले, तर मामा हसला. "आगं, कुत्रं आता माझ्या दारात हाय न्हवं?"

वडिलांनी आम्हाला शिकवलंय, चूक ज्याच्या बाबतीत केली त्याच्यासमोर उभं राहून सांगायची. पत्र पाठवलं तर मला तोंड लपवता येईल, म्हणून हे पाठवत नाही. रविवारी, १४ जूनला, बाणला जतहून घेऊन मी तुमच्या दारात येते.

तुमच्याशी खोटं बोललेली,
रेवती