कॉलरचं टोक

ता. ४ जून

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. आमचं शर्ट शिवायचं काम समुद्रापलीकडे, तुमच्या बाजूला पाठवायचं घाटतंय. तिकडे मजुरी निम्मी पडते म्हणे. नव्या लोकांना शिकवायला माझ्या हातांचा व्हिडिओ काढला. मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. कॉलरच्या टोकाशी एक तिरपा टाका घालावा लागतो, तो कॅमेऱ्यासमोर चक्क गाळला. आता तिकडच्या कॉलरी बोथट निघणार आणि काम झक मारत परत येणार. वहिनी म्हणते, या वयात हे धंदे शोभतात का. तुझ्या नोकरीचं कळव.

तुझा दादा

ता. २६ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

नोकरी लागली, पण लगेच खूश होऊ नकोस. तुमचं काम इकडे ज्या कारखान्यात आलंय, त्याच कारखान्यात लागली, आणि तीही कॉलरवर. पहिल्याच दिवशी पडद्यावर तुझी वाकडी करंगळी दिसली आणि मी हसत सुटले. बायका त्या हातांना मास्तर म्हणतात. मास्तरांच्या कृपेने आमच्या सगळ्या कॉलरी नापास होताहेत. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत जमलं नाही, तर आम्हाला घरी बसवून काम तुमच्याकडे परत जाणार.

ह्यांचं गोदाम बंद पडल्यापासून घर माझ्यावरच आहे. तो टाका मला येतो, तूच शिकवलास. अजून घातलेला नाही. तुझ्या पोटावर पाय देऊन मी कशी जेवू? काय करू, तूच सांग.

तुझीच धाकटी

ता. ९ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद.

डोक्याला हात लावला. जगात एवढे कारखाने, आणि तुला हाच सापडला. खरं सांगतो, आधी तुझा रागच आला. मग वहिनीने विचारलं, धाकटीला घरी बसवून तुम्हाला घास गिळवेल का. नाही गिळवणार. तेव्हा टाका घाल. लहानपणी माझ्या ताटातलं उचलताना कधी विचारलं होतंस?

दादा

ता. १२ ऑगस्ट

चि. धाकटीस आशीर्वाद.

आमचा कारखाना शनिवारी बंद होतोय. मालकांनी सगळ्यांना गोळा करून भाषण ठोकलं. तिकडच्या एका हुशार बाईने कॉलर अशी काही साधली, की इथे काम ठेवण्यात आता अर्थ नाही म्हणाले. वर तिच्यासाठी टाळ्या वाजवा म्हणाले. कुणाचेही हात हलले नाहीत. मी वाजवल्या, एकट्याने, बराच वेळ. शेजारचे कारागीर माझ्याकडे बघतच राहिले. मालक मात्र खूश झाले.

माझं पुढचं बघू. तू काम टिकव, आणि आहे तसाच जीव लावत राहा.

तुझा दादा