दरीतून आलेली हाक

लोणावळा, सोमवार

ती. आईस, तुझ्या प्रेरणाचा नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी वाच.

काल सृष्टीचा आठवा वाढदिवस औंढ्याजवळच्या कड्यावर केला. तिचाच हट्ट होता. कमरेला दोर बांधून पोरगी सरसर चढली. माथ्यावर केक कापला. मग तिनं दरीत स्वतःचं नाव ओरडून पाहिलं. समोरच्या डोंगरातून ते परत आलं, तसे सगळे हसलो.

थोड्या वेळानं, कुणीच बोलत नसताना, खालून हाक आली, “चिमाबाई, ये गं!”

तिला तसं तूच म्हणतेस. आवाजही तुझाच होता, आई.

“आले आजी!” म्हणत ती थेट कडेकडे धावली. दोर ताणला गेला म्हणून अडली. कैलासनं तिला मागं ओढून छातीशी धरलं.

आमचे वाटाडे नवशाभाऊ घाईनं सामान आवरत म्हणाले, “ताई, हितं एका हाकेला ओ द्यायची न्हाई.”

तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या वेळेवर घेतेस ना?

काल दुपारी तू तिला हाक मारली होतीस का? मारली असशील, तर पुन्हा मारू नकोस. शनिवारी आम्हीच तिला घेऊन येतो.

तुझी,
प्रेरणा