ओटी भरलेलं पातं

४ नोव्हेंबर
कराडात आले, खोली मिळाली, आणि घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी नवरा कुठे असतो ते विचारून घेतलं. सोडला, म्हटलं. त्यांचा चहा गार झाला. कारखाना मात्र झकास आहे. इथे पवनचक्क्यांची पाती बनतात. काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर राळ, असे थरावर थर. एकेक पातं चार एसट्यांएवढं लांब. मी तपासणीची प्रमुख. यंत्रं आहेतच, पण माझा विश्वास छोट्या हातोडीवर. ठोकत जायचं. टण वाजलं की थर एकजीव. बद्द वाजलं की आत पोकळी, तिथे लाल खडूची खूण.

७ नोव्हेंबर
इथली एक रीत फार आवडली. पातं बाहेर पडताना सफाईवाल्या शालूबाई त्याची ओटी भरतात. खण, नारळ, मूठभर तांदूळ. लेक निघाली म्हणे सासरी, आटपाडीच्या माळावर. आज मात्र घाईत माझ्या तपासणीआधीच ओटी भरून झाली होती. मी ठोकलं. मधोमध बद्द. नापास केलं. शालूबाईंचा चेहरा उतरला.
"आवं मॅडम, वटी भरल्याली हाय. आता ती जायालाच पायजे."
माझीही भरली होती, म्हटलं, मी आलेच की परत.

८ नोव्हेंबर
मॅनेजर जयराज यांनी बोलावून समजावलं. गाडी ठरली आहे, एवढ्याशा पोकळीने काय होतंय, शिक्का मारा. हे पातं आटपाडीत ज्या पवनचक्कीला बसणार, तिच्याखाली मेंढपाळांची वस्ती आहे. पातं तुटलं तर त्यांच्याच डोक्यावर येणार. मी नाही म्हटलं. रागारागाने पुन्हा ठोकून बद्द जागेची सगळी कड खडूने आखली. डोकं, खांदे, पदराचा घोळ. आडवी निजलेली बाई. कामावरची पोरं हसली. मीही हसले, जरा कमी.

१० नोव्हेंबर
खडूची बाई जागेवर आहे, पण तिथे आता टण वाजतं. बद्द सरकलंय, पात्याच्या जाड तोंडाकडे, जिथून माणूस सहज आतबाहेर करतो. पोकळी सरकत नसते. हे मला कुणी शिकवू नये. नवी कड आखली. बाई उठून बसली आहे.

१२ नोव्हेंबर
पातं टोकापासून तोंडापर्यंत टण. जयराज खूश, शिक्का मागतात. मी तोंडापुढची फरशी ठोकली. बद्द. पुढची बद्द. ओळीने, थेट माझ्या टेबलापर्यंत.
शिक्का कुलपात घातला. भ्याले आहे, खोटं कशाला लिहू. पण पाच दिवसांपूर्वी नापास झालेलं आज आपोआप बरं होत नाही. देणार नाही.

१३ नोव्हेंबर
आज माझी खुर्चीही बद्द. शालूबाई दारातूनच बोलल्या —
"मॅडम, तुमच्या वढणीत तांदूळ कुठनं आलं?"
ओढणी झटकली. पुन्हा आले. पुन्हा —
जयराज एकदम मऊ झाले. शिक्का राहू द्या म्हणाले, उद्या तुम्हीच आटपाडीची जागा बघून या, जीप पाठवतो. मी नाही म्हणणार होते. तोंडातून हो आलं. माझा आवाज नव्हता तो —

१४ नोव्हेंबर
जीप माझ्या खोलीखाली उभी. हॉर्न वाजतोय. पायात चप्पल आहे. कधी घातली —
पाय दाराकडे —
नाही. ऐक गं बाई, कोण असशील ती. मला कुणी सासरी लावून दिलेलं चालत नाही. तुलाही माझ्या पायांनी जाऊ देणार नाही. तिथे पवनचक्कीखाली वस्ती आहे.
दाराला कुलूप. किल्ली खिडकीतून गटारात.
हातोडी घेतली. भिंत टण. दार टण. पलंग टण. राहिले मी.
लाल खडू हाताशी आहे. नापास ते नापास, मी असले तरी.
छातीवर ठोकते —